एप्टेशिया-एक्स घ्यावं का? घ्या, पण टँकमधे दोन-चार दिसतायत तोवरच

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगून टाकते. समुद्री पाण्याच्या टँकमधलं एप्टेशिया नावाचं नको असलेलं समुद्रफूल मारायला रेड सी कंपनीचं एप्टेशिया-एक्स हे औषध मिळतं, ते चांगलं आहे, काम करतं, माझ्याकडून पाचपैकी चार. जो एक मार्क कापलाय तो औषधासाठी नाही, सिरिंजने मारायच्या कुठल्याही औषधाला जी मर्यादा असते ना त्यासाठी, ती पुढे येईलच. तुमच्या टँकमधे पुढच्या दगडावर एक, दोन, पाच, फार तर दहा-पंधरा एप्टेशिया दिसत असतील तर आजच मागवा, उद्यावर टाकू नका. पण अख्खा दगडच तपकिरी झुपक्यांनी भरला असेल तर एकट्या बाटलीवर भरवसा ठेवू नका, पैसेही जातील आणि दर रविवारची दुपारही जाईल, तुमच्यासाठी झिंगे वगैरे खाली लिहिलंय ते आधी वाचा.

आता नवीन लोकांसाठी थोडं. एप्टेशिया हे समुद्रफूलच आहे, पण आपण क्लाउनफिशसाठी हौसेनं पैसे देऊन आणतो ते नाही, हे न मागता येतं. झोआच्या (बटणांसारख्या दिसणाऱ्या मऊ प्रवाळाच्या) फ्रॅगखाली, म्हणजे विकायला तोडलेल्या तुकड्याखाली, चिकटून, गोगलगायीच्या शिंपल्यावर बसून, सम्पसाठी, म्हणजे टँकखालच्या फिल्टरच्या टाकीसाठी, आणलेल्या शेवाळाच्या गुंत्यातून, किंवा दुसऱ्या कोणाच्या चालू टँकमधला दगड आणला तर त्याच्या भोकात लपून. दिसायला तपकिरी, थोडं पारदर्शक, खाली बारीक देठ आणि वर लांब निमुळत्या बोटांसारखी तंतूंची चकती. हात जवळ नेला की सटकन भोकात गायब. पहिल्यांदा दिसतं तेव्हा छान वाटतं, अरे टँकमधे काहीतरी आपोआप आलं म्हणून लोक फोटो काढतात, आणि तोच दिवस ते मारायचा असतो, कारण त्या तंतूंमधे डंख असतो आणि शेजारी जो कोणी बसलाय त्याला ते सतत टोचत राहतं. झोआ त्या बाजूला उघडायचे बंद होतात, मश्रूम, म्हणजे चकतीसारखं मऊ प्रवाळ, एका अंगाला आक्रसतं, आणि आपण इकडे अल्कलिनिटी नायट्रेट टेस्ट करत बसतो की पाण्यात काय बिघडलंय.

माझा टँक तीन फुटी, तीन बाय दीड बाय दीड, दगड-वाळू धरून भरला तर साधारण 190 लिटरचा. त्यात दोन क्लाउनफिश, एक गोबी आणि सगळे सॉफ्ट कोरल म्हणजे झोआ, मश्रूम आणि एक टोडस्टूल लेदर. कडक सांगाड्याचे प्रवाळ ठेवायचा प्रश्नच नाही, ते आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या पहिल्या शेड्यूलमधे आहेत, कोणी गुपचूप विकत असेल तरी घेऊ नका. हे सांगायचं कारण असं की बाहेरच्या देशातले व्हिडिओ बघून आपण उपाय करतो आणि त्यांचे टँक वेगळे असतात, त्यांच्याकडे कडक प्रवाळ भरलेले असतात म्हणून ते काही मासे टाळतात. आपल्याकडे झोआ आणि मश्रूमच जास्त, त्यामुळे आपलं गणित थोडं बदलतं.

हे मरत का नाही ते समजून घ्या, कारण ते कळलं की बाटलीवर लिहिलेल्या सूचना का पाळायच्या ते आपोआप कळतं. याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, प्रवाळात राहतं तसंच, ते उजेडावर अन्न तयार करतं आणि याला देतं. म्हणजे तुम्ही माशांचं खाणं कितीही कमी केलं तरी लाइट चालू आहे तोवर हे उपाशी मरणार नाही. बरं लाइट बंद केला तरी मरत नाही, सम्पमधे, तिथे पाणी सोडणाऱ्या ओव्हरफ्लो बॉक्समधे, पाइपच्या आत जिथे उजेड जात नाही तिथे हे पांढरट पडतं पण पाण्यातून वाहत येणारं पकडून जगतं. आणि पसरण्याची पद्धत तर अशी की देठाच्या तळव्याचा बारीक तुकडा जरी दगडाला चिकटून राहिला तरी त्यातून नवीन पूर्ण समुद्रफूल तयार होतं. न छेडता सुद्धा ते सरकताना असे तुकडे मागे सोडत जातं. शेतात हरळी असते ना, वरून खुरपली की खाली राहिलेल्या प्रत्येक कांडीला फुटवा येतो, अगदी तसं. त्यामुळे नख, ब्लेड, टूथब्रश, चिमटा यातलं काहीही याला लावायचं नाही. दुकानातल्या दादांनी मला पहिलंच वाक्य हे सांगितलं होतं, "ताई, काहीही करा पण खरवडू नका," आणि त्या एका वाक्यासाठी मी अजून त्यांच्याकडूनच सामान घेते.

याच चिवटपणामुळे जगभरच्या प्रयोगशाळांमधे हे मुद्दाम वाढवतात. प्रवाळ पांढरे का पडतात, शैवाल आणि प्राणी यांची जोडी कशी जमते आणि कशी तुटते हे शोधायला प्रवाळापेक्षा हे सोयीचं, कारण लवकर वाढतं, कशातही जगतं, आणि शैवाल काढून टाकलं तरी जिवंत राहतं. 2015 मधे याचा पूर्ण जीनोम प्रसिद्ध झाला. शास्त्रीय नाव आता एक्झाएप्टेशिया डायफाना आहे. मला हे वाचल्यावर त्याच्याबद्दल आदर वाटला खरं सांगू तर, पण माझ्या झोआशेजारी नको.

आता बाटली. 60 मिलीची बाटली येते, सोबत सिरिंज आणि पाण्यात खोलवर पोचायला लांब टोकं, सरळ आणि वाकडं. आतलं औषध पांढरं, घट्टसर, दाट ताकापेक्षाही थोडं जाड. कंपनीचं म्हणणं असं की समुद्रफुलाला हे खाणं वाटतं, ते स्वतःच गिळतं, मग त्याचं तोंड आतून बंद होतं आणि ते आतल्या आत कोसळतं, त्यामुळे मरताना अळ्या किंवा तुकडे बाहेर टाकायला त्याला संधी मिळत नाही. हा मुद्दा महत्त्वाचा आहे. लिंबू, व्हिनेगर, गरम पाणी यात सुई अंगात खुपसावी लागते, सुई लागली की ते आक्रसतं, पांढरे डंखाचे धागे बाहेर फेकतं, भोकात जातं आणि अर्धं औषध पाण्यात. इथे खुपसायचं नाही, नुसतं तोंडावर ठेवायचं. आणि खरंच गिळतं. मी काचेला नाक लावून बघितलंय, पांढरा थेंब चकतीवर पडला की तंतू बाहेरून आत वळतात, घास घेतल्यासारखे, आणि मग थोड्या वेळात सगळं गोळा होऊन आत ओढलं जातं. मोठ्या, निवांत उघडलेल्या एप्टेशियावर याचा निकाल फारच चांगला आहे.

पण पद्धत चुकली तर काही उपयोग नाही, म्हणून मी कशी करते ते सविस्तर लिहिते. आधी सगळे पंप बंद, सम्पमधून पाणी वर आणणारा रिटर्न पण आणि लाटा करणारा वेव्हमेकर पण, पाणी पूर्ण स्थिर झालं पाहिजे. बाटली जोरात हलवायची, खाली साका बसलेला असतो, नुसती उलटी-सुलटी करून चालत नाही, हाताला जाणवेपर्यंत हलवायची. सिरिंजमधे भरताना हवा काढून टाकायची नाहीतर ऐनवेळी बुडबुडा सुटतो आणि समुद्रफूल दचकून आत. मग टोक पाण्यात घालायचं आणि थांबायचं, लगेच मारायचं नाही. हाताच्या सावलीने आणि हलत्या पाण्याने ते अर्धवट मिटतं, थोडा वेळ हात स्थिर ठेवला की परत उघडतं, तेवढा धीर पाहिजे. काही जण आधी थोडं आर्टेमियाचं, म्हणजे माशांना खायला घालायच्या बारीक झिंग्यांचं, पाणी सोडतात, त्या वासाने ते पूर्ण उघडून तोंड वर करतं, ही युक्ती मला फार आवडली. टोक तोंडाच्या अगदी वर न्यायचं पण टेकवायचं नाही, आणि हळूच एक थेंब सोडायचा, मोठं असेल तर दोन. जोरात दाबलं तर धुरासारखं पसरतं आणि शेजारच्या झोआवर बसतं. थेंब खाली स्थिर बसला पाहिजे.

मग पंप लगेच चालू नाही करायचे. मी अर्धा तास तरी थांबते. माशांना तेवढ्याने काही होत नाही, अर्थात खूप मासे भरलेला छोटा टँक असेल तर त्यांच्यावर लक्ष ठेवा आणि एअर स्टोन लांबच्या कोपऱ्यात सोडा. अर्ध्या तासानंतर जो पांढरा थर उरतो तो बारीक नळीने सायफन करून काढायचा, विशेषतः झोआ किंवा मश्रूमच्या अंगावर पडला असेल तर आधी तो पिपेटने हलक्या हाताने उडवायचा. सिरिंज आणि टोकं लगेच कोमट पाण्याने धुवायची, आतला पदार्थ एकदा वाळला की नळी गेलीच समजा. हे धुणं मी पंप चालू करायच्या आधीच उरकते.

आणि एका बैठकीत सगळे मारायचा मोह टाळा. कितीही सुरक्षित म्हटलं तरी मेलेलं मांस हे मेलेलं मांसच, पाच-पंचवीस समुद्रफुलं एकदम भोकात कुजली तर अमोनिया वाढणारच, आणि एक फुटी क्यूबमधे, जिथे जेमतेम 28 लिटर पाणी मावतं, तिथे तर अजूनच जपून. थोडे आज, थोडे काही दिवसांनी, मधे एक पाणी बदल. शिवाय काही दिवसांनी त्याच जागी परत बघायचंच, कारण जुन्याच्या बुडाशी टाचणीच्या टोकाएवढी पिल्लं आलेली असतात, ती आधी दिसतच नाहीत. त्यांना वाढू द्यायचं नाही, पण अगदी बारीक असताना औषध गिळतही नाहीत, त्यांच्यावर सरळ थेंबाने झाकण घालायचं.

आता तो कापलेला मार्क. सिरिंज फक्त तिथेच पोचते जिथे तुमचा डोळा आणि हात पोचतो. दगडाच्या मागच्या बाजूला, दोन दगडांच्या फटीत, ओव्हरफ्लोच्या जाळीत, रिटर्न पाइपच्या तोंडात जी बसलीत त्यांचं काय? समोरची सगळी मारली की टँक स्वच्छ दिसतो आणि मागची शांतपणे वाढत असतात, आणि काही आठवड्यांत समोर परत हजर. यात औषधाचा काही दोष नाही. म्हणूनच मी म्हणते की हे सुरुवातीच्या दोन-चारांसाठीचं औषध आहे. जेव्हा तुम्हाला प्रत्येक समुद्रफूल कुठे बसलंय ते तोंडपाठ सांगता येतं तोवर ही बाटली तुमची. पाठ सांगता येत नाही इतके झाले की मग तुम्हाला रात्री फटीत शिरून खाणारा कोणीतरी पाहिजे.

त्याच्याकडे जायच्या आधी चुन्याबद्दल, कारण हा प्रश्न येणारच की इतकी महाग बाटली कशाला, चुना लावून होत नाही का. होतं. बाहेर ज्याला काल्कवासर म्हणतात तो म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, आपली चुन्याची निवळीच, आणि त्याची आरओ पाण्यात घट्ट पेस्ट करून तोंडावर सोडली तर एप्टेशिया मरतं. बरेच जुने लोक वर्षानुवर्षं हेच करतात आणि खर्च अगदी नगण्य. पण दोन गोष्टी. एक म्हणजे पानाच्या टपरीवरचा किंवा किराणा दुकानातला खायचा चुना नका वापरू, त्यात काय मिसळलंय ते डबीवर लिहिलेलं नसतं, अॅक्वेरियमसाठी मिळणारा किंवा लॅब ग्रेडचाच घ्या. दुसरी म्हणजे पीएच. चुन्याच्या पूर्ण निवळीचा पीएच 12.4 च्या आसपास असतो आणि आपल्या टँकचा 8.1 ते 8.4, त्यामुळे मोठ्या टँकमधे चार-पाच थेंब काही नाहीत पण नॅनोमधे, म्हणजे अगदी छोट्या टँकमधे, उत्साहाने अर्धी सिरिंज मारली तर मासे धापा टाकायला लागतील. शिवाय हा कातडी जाळणारा पदार्थ आहे, हातमोजे आणि चष्मा घालूनच, मुलं जवळपास असताना नाहीच. माझा अनुभव असा की पेस्टची घट्टपणा दर वेळी वेगळी होते, कधी पातळ होऊन पसरते कधी सुईत अडकते, आणि समुद्रफूल ती तितक्या खुशीने गिळत नाही, म्हणून तिने झाकून टाकावं लागतं. ज्यांचा हात बसलाय त्यांच्यासाठी चुना पुरेसा आहे, नवीन माणसाने पहिली बाटली तयारच घ्यावी असं मला वाटतं.

लिंबाचा रस, व्हिनेगर, उकळतं पाणी सुईने, हेही चालतं म्हणतात आणि एखाद्या मोठ्या मोकळ्या ठिकाणच्या एप्टेशियावर चालतंही, पण सुई बरोबर देठात गेली तरच. सुपर ग्लूचं जेल किंवा इपॉक्सीची माती लावून भोक बुजवणं हाही एक मार्ग, पण कडेने बारीकशी फट राहिली तर तिथून बाहेर येतं.

पण एक उपाय अजिबात करू नका, प्लीज, हे मी कळकळीने लिहितेय. दगड बाहेर काढून पातेल्यात उकळणे. आपल्याकडे हा सल्ला सर्रास दिला जातो, की काय त्यात, काढ दगड, घाल उकळत्या पाण्यात, सगळं मरेल. त्या दगडावर जर झोआ किंवा त्यांचेच भाऊबंद पॅलिथोआ असतील, किंवा कधी काळी होते आणि त्यांचे अवशेष असतील, तर त्यात पॅलिटॉक्सिन नावाचं विष असू शकतं, समुद्रातल्या सगळ्यात घातक विषांपैकी एक, आणि उकळल्याने ते नष्ट होत नाही, वाफेबरोबर घरभर पसरतं. परदेशात अशा प्रकारांत अख्खी कुटुंबं दवाखान्यात भरती झालेली आहेत, श्वासाचा त्रास, ताप, थरथर, आणि घरातली कुत्री-मांजरं सुद्धा आजारी. आपली घरं लहान, स्वयंपाकघर आणि हॉल एकच, घरात म्हातारी माणसं, लहान मुलं. दगड इतकाच खराब झाला असेल तर बाहेर उन्हात पूर्ण कोरडा होईपर्यंत महिना-दोन महिने ठेवा, घासू नका, हातमोजे घाला, किंवा सरळ फेकून द्या. दगडापेक्षा माणसं महत्त्वाची.

मजानोबद्दल थोडक्यात. हे दुसरं नको असलेलं समुद्रफूल, बुटकं, जाडसर, तंतूंची टोकं फुगीर, कधी हिरवी कधी जांभळट, दिसायला एप्टेशियापेक्षा खूपच देखणं, म्हणून लोक त्याला बबल टिप या हौसेनं विकत आणायच्या समुद्रफुलाचं पिल्लू समजून जपतात. हे एप्टेशियासारखं पटकन भोकात पळत नाही, पण चालत जागा बदलतं. एप्टेशिया-एक्स याच्यावर पण चालतं, कंपनीही तसं सांगते, फक्त याला जास्त थेंब लागतो आणि पुन्हा मारावं लागतं असं धरून चाला. छोट्या सुट्या दगडावर एक-दोनच असतील तर त्याखालचा दगडाचा तुकडाच छिन्नीने उडवून बाहेर काढणं सोपं, टँकच्या बाहेर, बादलीत धरून.

आता झिंगे. पेपरमिंट श्रिम्प हा आपल्याकडे सगळ्यात सहज मिळणारा जिवंत उपाय, आणि माझ्या मते बाटलीबरोबर घ्यायची दुसरी गोष्ट हीच. अंग पारदर्शक, त्यावर उभ्या बारीक लाल रेषा. रात्री बाहेर पडतो, फटीत शिरतो, आणि बारीक एप्टेशिया कुरतडून खातो, म्हणजे नेमकी तीच जी सिरिंजला दिसत नाहीत. मोठ्या एप्टेशियाच्या वाटेला सहसा जात नाही, ती तुम्ही मारायची. ही वाटणी लक्षात ठेवली तर निराशा होत नाही, नाहीतर लोक दोन झिंगे सोडतात आणि आठवड्याने तक्रार करतात की मोठं तसंच उभं आहे. अजून एक, सगळे पेपरमिंट सारखे नसतात. एकाच नावाखाली लिस्माटा या झिंग्यांच्या गटातल्या दोन-तीन वेगवेगळ्या जाती विकल्या जातात आणि काही खातात काही ढुंकूनही बघत नाहीत. त्यामुळे एक नका घेऊ, तीन फुटीमधे तीन तरी सोडा. आणि माशांना पेलेट्सचा मारा चालू असेल तर झिंगा कशाला कष्ट करेल, तो पण पेलेटच खाणार, तेव्हा त्या काळात खाणं मोजून आणि संध्याकाळी लाइट बंद व्हायच्या बऱ्याच आधी.

घेताना एक गोष्ट मात्र डोळ्यात तेल घालून बघा. कॅमल श्रिम्प म्हणून एक झिंगा मिळतो, तोही लाल, तोही स्वस्त, आणि गडबडीत पेपरमिंट म्हणून पिशवीत जातो. त्याची पाठ उंच, कुबड आल्यासारखी, डोळे मोठे, आणि लाल रंगात पांढऱ्या रेषा-ठिपक्यांची स्पष्ट नक्षी. हा झोआ आणि मश्रूम खातो. आपल्याकडच्या टँकमधे नेमके तेच असतात, त्यामुळे हा आपल्यासाठी एप्टेशियापेक्षा वाईट. दुकानात बाजूने बघा, घाईत वरून बघून घेऊ नका, आणि क्रॉफर्ड मार्केट असो की कुर्ला, विकणाऱ्याला पिशवी हातात घेऊन उजेडात दाखवायला सांगा, चांगला दुकानदार दाखवतो. घरी आणल्यावर ड्रिप करून, म्हणजे टँकचं पाणी थेंबथेंब मिसळून, सावकाश पाण्याची सवय लावा, झिंग्याला खारटपणाचा एकदम बदल सोसत नाही. आणि ज्या टँकमधे माशांसाठी तांब्याचं औषध घातलंय तिथे झिंगा सोडूच नका, तांबं त्यांना मारतं. हॉकफिश किंवा ट्रिगरसारखा मासा असेल तर झिंगा म्हणजे त्यांचं जेवण.

बर्गियाबद्दल सगळे विचारतात. ही एक छोटी समुद्री गोगलगाय आहे, शिंपला नसलेली, दोन-तीन सेंटीमीटरची, पाठीवर मऊ बोटांसारखी झालर, आणि ती फक्त आणि फक्त एप्टेशिया खाते. दुसरं काही खातच नाही. मला तर ही फार सुंदर गोष्ट वाटते, एप्टेशियाचे डंख खाऊन ती स्वतःच्या पाठीवरच्या त्या बोटांमधे साठवते आणि स्वतःच्या रक्षणाला वापरते. पांढऱ्या चक्राकार दोऱ्यासारखी अंडी घालते, जमलं तर टँकमधेच संख्या वाढते, आणि मागच्या फटीतली सुद्धा शोधून संपवते. ज्यांचा टँक पूर्ण भरलाय त्यांच्यासाठी तत्त्वतः सगळ्यात चांगला उपाय हाच. पण तीन अडचणी. आपल्याकडे मिळणं अवघड. पेपरमिंट झिंगे आणि सिक्स लाइन रॅससारखे मासे हिलाच खाऊन टाकतात, म्हणजे झिंगे आणि बर्गिया एकत्र नाही चालत, एक काहीतरी निवडा. आणि एप्टेशिया संपलं की ती उपाशी मरते, त्यामुळे शेवटी तिला दुसऱ्या कोणाच्या टँकमधे द्यायची सोय आधीच बघून ठेवा, एका जिवाला काम झाल्यावर मरायला सोडणं मला पटत नाही. अमेरिका-इंग्लंडमधे असलेल्या आपल्या मराठी मंडळींना ती घरपोच मिळते, तुम्ही नक्की तिथूनच सुरुवात करा.

फाइलफिश, म्हणजे ब्रिसल टेल, चांगला खातो, दिसायला हिरवट तपकिरी, शेवाळात मिसळून जातो, आणि तीन फुटीमधे मावतो. धोका एवढाच की एप्टेशिया संपल्यावर किंवा आधीच त्याला झोआची चव लागू शकते. प्रत्येक माशाचा स्वभाव वेगळा, खात्री कोणी देऊ शकत नाही. कॉपरबँड बटरफ्लाय मात्र तीन फुटीसाठी आणूच नका. वीस सेंटीमीटरपर्यंत वाढणारा, पोहायला जागा लागणारा, जुना मुरलेला मोठा टँक लागणारा मासा आहे, आणि बरेचसे नवीन आणल्यावर काही खातच नाहीत. एप्टेशियासाठी म्हणून आणलेला कॉपरबँड उपाशी मरताना बघणं यापेक्षा एप्टेशिया परवडलं.

खाण्याबद्दल मी वर म्हटलं की उपाशी ठेवून हे मरत नाही, पण भरपूर खायला मिळालं तर वेगाने वाढतं हे मात्र खरं. फ्रोझन क्यूब वितळवून ते सगळं पाणीच टँकमधे ओतायची सवय असेल तर बंद करा, गाळून फक्त मटेरियल घाला. कोपऱ्यात साचलेलं काढणं, फिल्टर सॉक म्हणजे पाणी गाळायची कापडी पिशवी वेळेवर बदलणं, हे नेहमीचंच.

आणि बाटली मागवताना एकच करा, बाहेरून आलेला माल असतो, तारीख बघून घ्या आणि सील उघडलेलं नाही ना ते बघा, सोबतची टोकं पूर्ण आहेत ना तेही. उघडल्यावर झाकण घट्ट लावून गार आणि सावलीच्या जागी. मी ती संपली तरी दुसरी आणून ठेवतेच, एप्टेशिया दिसो न दिसो, कारण दिसल्यावर मागवली तर येईपर्यंत ते एकाचे चार झालेले असतात.

नवीन फ्रॅगचं मी काय करते ते सांगून थांबते. कोरल डिप केला, म्हणजे फ्रॅग औषधी पाण्यात बुडवून काढला, म्हणून एप्टेशिया मेलं असं नाही, बहुतेक डिपमधे किडे सुटतात पण हे नुसतं मिटून बसतं आणि नंतर उघडतं. म्हणून फ्रॅग ज्या प्लगवर, म्हणजे छोट्या चकतीवर, चिकटवून येतो तो प्लगच मी टँकमधे जाऊ देत नाही. हातमोजे आणि चष्मा घालून झोआ प्लगपासून वेगळे करते, नवीन कोरड्या प्लगवर जेलने चिकटवते, जुना प्लग कचऱ्यात. मग ते वेगळ्या छोट्या डब्यात, हीटर आणि एअर स्टोन लावून, काही आठवडे, आणि रात्री टॉर्च मारून बघायचं, कारण एप्टेशिया रात्री निवांत लांब पसरतं आणि टॉर्चच्या तिरक्या उजेडात त्याचे तंतू चमकतात. तिथे एखादं दिसलं तर बाटलीतला एक थेंब, आणि दिवस परत पहिल्यापासून मोजायचे.